उमरावकीचा वारसा आणि नगरचा किल्ला

इंग्लंडमध्ये आज जे गृहस्थ 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' म्हणून ओळखले जातात, ते या पदवीचे नववे धारक आहेत. ३१ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे वडील, आठवे ड्यूक, निवर्तले आणि त्याच क्षणी पदवी मुलाकडे आली. त्यासाठी त्यांना कोणाचे मत मागावे लागले नाही, की कोणती कसोटी द्यावी लागली नाही. थोरला मुलगा म्हणून जन्माला येणे एवढीच पात्रता पुरेशी होती. सातासमुद्रापलीकडच्या एका धनिक कुटुंबाच्या या घरगुती बाबीशी नगर जिल्ह्यातल्या अल्पभूधारकाचा किंवा ऊसतोडणी कामगाराचा काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि तो दुहेरी आहे. या पदवीच्या पायातला एक दगड नगरच्या भुईकोट किल्ल्यातला आहे, हा झाला इतिहासाचा संबंध. दुसरा संबंध वर्तमानाचा आहे. जन्माच्या आधारावर सत्ता मिळण्याची जी रीत इंग्लंडने पदवीच्या रूपाने उघडपणे जपली, तीच रीत नाव न सांगता आपल्या तालुक्यातालुक्यांत नांदत आहे.

प्रथम इतिहास पाहू. वेलिंग्टनचा पहिला ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली. त्याच्या घराण्याचे आडनावसुद्धा वारशाने आलेले होते. या घराण्याचे मूळ आडनाव कॉली. १७२८ मध्ये आर्थरच्या आजोबांना वेस्ली नावाच्या एका नातलगाची आयर्लंडमधली इस्टेट मिळाली आणि इस्टेटीबरोबर त्यांनी आडनावही घेतले. वेस्लीचे वेलस्ली पुढे १७९८ मध्ये झाले. इंग्रज उमरावांच्या घरात सर्व काही थोरल्या मुलाकडे जाते आणि धाकट्यांनी सैन्यात, चर्चमध्ये किंवा वसाहतींत आपले नशीब काढायचे असते. आर्थर हा धाकटा. त्या काळी इंग्रजी सैन्यात अधिकाराच्या जागा विकत मिळत. थोरल्या भावाने पैसे पुरवले आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी आर्थर एका पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. जागा विकण्याची ही पद्धत इंग्लंडने १८७१ मध्ये बंद केली. १७९८ मध्ये तोच थोरला भाऊ रिचर्ड हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला, तेव्हा धाकट्याला पराक्रमासाठी मैदान मिळाले. पराक्रम धाकट्याचा होता यात शंका नाही, पण ते मैदान घराण्याने मिळवून दिले होते.

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून आपले स्वातंत्र्य इंग्रजांच्या तैनाती फौजेकडे गहाण टाकले. शिंदे आणि भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध जाहीर झाले आणि वेलस्लीने पहिला घाव घातला तो नगरवर. हा किल्ला त्या वेळी दौलतराव शिंद्यांकडे होता. १७९७ मध्ये पेशव्याने आपल्या गादीची किंमत म्हणून तो शिंद्यांना देऊन टाकला होता. ८ ऑगस्टला शिड्या लावून नगरची पेठ काबीज झाली. १० तारखेला किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि १२ ऑगस्टला किल्लेदाराने किल्ला खाली केला. हुसेन निजामशहाने दगडी बांधून काढलेला आणि चांदबिबीने मोगलांच्या वेढ्याविरुद्ध लढवलेला हा किल्ला चार दिवसांत पडला. नगर हातात आल्यामुळे इंग्रजांना दख्खनमध्ये रसद व दारूगोळ्याचे ठाणे मिळाले. त्या ठाण्याच्या बळावर २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड असे एकामागून एक विजय मिळत गेले. वर्ष संपण्यापूर्वी भोसल्यांशी देवगावचा आणि शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह होऊन गेला होता.

या विजयांची किंमत कोणी मोजली? असईच्या एका दिवसात इंग्रजांच्या बाजूचे सुमारे सोळाशे लोक ठार अथवा जखमी झाले आणि त्यांत मद्रासकडचे देशी शिपाई मोठ्या संख्येने होते. नगरच्या पेठेत शिड्यांवर चढलेल्यांतही ते होते. शिंद्यांच्या बाजूने जे पडले, त्यांची नोंद ठेवण्याची गरज कोणाला भासली नाही. आदल्या वर्षी होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी हा मुलूख लुटलेला होता. त्यावर युद्धाचा फेरा आला, पाऊस रुसला आणि १८०३-०४ मध्ये नगर व आसपासच्या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला. वेलस्लीने नगरमध्ये काही भुकेल्यांना काम देऊन पोटाला घातले, हेही खरे आहे. परंतु ज्या फौजांच्या येण्याजाण्यात शेते तुडवली गेली, त्यांतलीच एक फौज त्याची होती. अशा मुलखातून तो १८०५ मध्ये मायदेशी परतला तेव्हा त्याच्या गाठीला सुमारे ४२ हजार पौंड होते. त्यातला मोठा भाग युद्धातल्या लुटीच्या वाटणीचा होता. धाकटेपणामुळे जे जन्माने मिळाले नाही, ते दख्खनने मिळवून दिले.

पुढची कथा युरोपातली आहे. स्पेन व पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या सेनापतींशी लढून वेलस्लीने १८०९ मध्ये व्हायकाउंट, १८१२ मध्ये आधी अर्ल व मग मार्क्विस आणि १८१४ मध्ये ड्यूक अशा पायऱ्या चढल्या. पहिल्या पदवीच्या वेळी तो रणांगणावर होता आणि पदवीला कोणते गावनाव जोडायचे हे ठरवायला त्याला सवड नव्हती. विल्यम नावाच्या भावाने नकाशा पाहून सॉमरसेट परगण्यातले वेलिंग्टन हे गाव निवडले. कारण एवढेच की वेलस्लीशी त्याचा उच्चार जुळत होता. ज्या गावाशी घराण्याचा नातेसंबंध नव्हता, त्याचे नाव घराण्याचे बिरुद झाले! संसदेने १८१२ मध्ये एक लाख आणि १८१४ मध्ये चार लाख पौंड दिले. पुढे हॅम्पशायरमधली स्ट्रॅटफील्ड से ही विस्तीर्ण इस्टेट राष्ट्राच्या पैशाने घेऊन दिली गेली. या इस्टेटीचा 'खंड' म्हणून दर वर्षी १८ जूनला, वॉटर्लूच्या स्मृतिदिनी, ड्यूकने राजाला एक लहानसा रेशमी फ्रेंच झेंडा नजर करायचा असतो. आपल्याकडच्या इनामदारांचा नजराणा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रथेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. इनामदार कोणत्याही देशातला असो, त्याचा खंड नेहमीच हलका असतो.

हा ड्यूक पुढे १८२८ मध्ये इंग्लंडचा पंतप्रधान झाला. कॅथलिकांवरची राजकीय बंधने उठवणारा १८२९ चा कायदा त्याच्याच कारकिर्दीतला आहे, हे श्रेय त्याला दिले पाहिजे. पण मताधिकार विस्तारण्याचा प्रश्न आला तेव्हा देशाच्या राज्यव्यवस्थेत सुधारणेची काहीही गरज नाही, असे त्याने १८३० मध्ये संसदेत ठणकावले आणि त्यापायी त्याचे सरकार गेले. लंडनच्या चिडलेल्या जमावाने त्याच्या वाड्याच्या खिडक्या फोडल्या, तेव्हा त्याने लोखंडी झडपा बसवून घेतल्या. १८४८ च्या एप्रिलमध्ये मताचा हक्क मागणारे चार्टिस्ट कामगार लंडनमध्ये जमले, तेव्हा त्यांच्याविरुद्ध राजधानीच्या बंदोबस्ताची आखणी याच वृद्ध सेनापतीकडे होती. शिड्या लावून नगरच्या तटावर माणसे चढवणारा हा सेनानी आपल्या देशातल्या कामकऱ्यांना मात्र मतपेटीच्या पायरीवरही येऊ देण्यास तयार नव्हता. वसाहतीत मिळवलेले सामर्थ्य मायदेशातल्या श्रमिकांविरुद्धही वापरले जाते, हा साम्राज्यशाहीचा धडा येथे स्पष्ट दिसतो.

आता पदवीच्या वारशाकडे वळू. थोरल्या भावाला, रिचर्डला, टिपूच्या पाडावानंतर १७९९ मध्ये मार्क्विसची पदवी मिळाली होती. १८४२ मध्ये तो औरस पुत्रावाचून मेला आणि ती पदवी त्याच्याबरोबर संपली. पित्याकडून आलेली मॉर्निंग्टनची जुनी पदवी मात्र भावाकडे, मग पुतण्याकडे अशी फिरत १८६३ मध्ये दुसऱ्या ड्यूकच्या पदरात पडली. हा दुसरा ड्यूक १८८४ मध्ये निपुत्रिक वारला, म्हणून पुतण्या तिसरा ड्यूक झाला. त्यालाही पुत्र नव्हता, म्हणून १९०० मध्ये त्याचा भाऊ चौथा ड्यूक झाला. सहावा ड्यूक १९४३ मध्ये इटलीत सालेर्नोच्या लढाईत एकतिसाव्या वर्षी मारला गेला. तो अविवाहित होता. त्याला सख्खी बहीण होती, पण ड्यूकची पदवी तिला ओलांडून काकाकडे गेली. याच घराण्याकडे स्पेनच्या राजाने दिलेलीही एक ड्यूकची पदवी होती. स्पेनचा कायदा मुलींना वारस मानणारा असल्यामुळे ती पदवी मात्र त्या बहिणीला मिळाली, आणि काही वर्षांनी तिने ती काकांना देऊन टाकली. घर तेच, मृत व्यक्ती तीच आणि बहीणही तीच. तरीही एका कायद्याने ती वारस ठरली आणि दुसऱ्याने ठरली नाही. वारसा ही रक्ताची, निसर्गाची गोष्ट आहे असे सांगणाऱ्यांना या एका उदाहरणात उत्तर मिळते. वारसा कायदा ठरवतो, आणि जे कायद्याने ठरते ते कायद्याने मोडताही येते.

नगर जिल्ह्याने या संदर्भात वेगळे चित्र पाहिलेले आहे. अज्ञान वारसाच्या वतीने चांदबिबीने १५९५-९६ मध्ये याच किल्ल्याचा तट लढवला. जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी पती, सासरे आणि पुत्र यांच्या निधनानंतर होळकरांचे राज्य तीन दशके चालवले. त्यांचे नाव २०२४ पासून या जिल्ह्याला अधिकृतपणे दिलेले आहे. इंग्रजी उमरावकीच्या नियमाने या दोघींपैकी एकीलाही अधिकार मिळाला नसता. राजेशाहीचे गोडवे गाण्यासाठी ही तुलना केलेली नाही. त्या दोघींनाही घराण्यातल्या पुरुषांच्या अभावीच संधी मिळाली, हे विसरून चालणार नाही. तरीही ज्या सत्तेने स्वतःला सुधारणेची वाहक म्हणवून घेतले, तिच्याच कायद्यात स्त्री दुय्यम होती, एवढे तरी या तुलनेतून दिसते.

आणि हा कायदा इंग्रजांनी आपल्या देशापुरता ठेवला नाही. वतनांविषयीचा १८७४ चा मुंबई इलाख्याचा कायदा प्रसिद्ध आहे. १८८६ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून घराण्यातल्या बाकी सर्व स्त्रिया आणि स्त्रीमार्फत हक्क सांगणारे सर्व वारस हे पुरुष वारसांच्या मागे गणावेत, असे त्यात ठरवले गेले. म्हणजे सालेर्नोनंतर लंडनमध्ये जे एका बहिणीच्या वाट्याला आले, ते दख्खनमधल्या पाटील-देशमुखांच्या मुलींच्या वाट्याला त्यापूर्वीच आलेले होते. मुंबईचे जमशेटजी जीजीभाय यांना १८५७ मध्ये बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. तिच्यासाठी १८६० मध्ये खास कायदा झाला आणि प्रत्येक वारसाने स्वतःचे नाव टाकून 'जमशेटजी जीजीभाय' हेच नाव घ्यावे असे त्यात लिहिले गेले. मूळ पुरुषाच्या दानशूरपणाबद्दल आदर ठेवूनही म्हणावे लागते की पदवी माणसाला मोठे करीत नाही, ती त्याला गिळते.

वतनाची दुसरी बाजू गावकुसाबाहेर होती. महार वतन हाही वारसाच होता, पण तो गुलामीचा. बापाने गावाची वेठ केली म्हणून मुलानेही करावी आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुत्याचे चार दाणे घ्यावेत, अशी ती व्यवस्था. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा जन्मजात अधिकार आणि जन्मजात दास्य ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत हे त्यांनी समाजापुढे मांडले. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. परगणे व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली. ड्यूकच्या पदवीकडे पाहताना आपल्या चळवळीने हे सूत्र डोळ्यांआड होऊ देऊ नये. कोणाच्या तरी जन्मजात मोठेपणाची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी जन्मजात लहानपणाने चुकवली जाते.

इंग्लंडने ही रीत मोडायला किती काळ घेतला पाहा. वंशपरंपरेऐवजी लोकाधारित वरिष्ठ सभागृह निर्माण करण्याचा हेतू तेथील संसदेने १९११ च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवला होता. प्रत्यक्षात १९९९ पर्यंत साडेसातशेहून अधिक वंशपरंपरागत उमराव लॉर्ड्सच्या सभागृहात बसत होते. त्या वर्षीच्या कायद्याने ९२ जागा सोडून बाकीच्यांना बाहेर काढले. उरलेल्यांतली जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होई आणि त्यात उमेदवारही वंशपरंपरागत उमराव व मतदारही मुख्यतः तेच असत! नववे ड्यूक ऑफ वेलिंग्टन अशाच पोटनिवडणुकीने २०१५ मध्ये सभागृहात आले. १८३० मध्ये पहिल्या ड्यूकने ज्या निवडणूक पद्धतीचे समर्थन केले होते, तीत मूठभर लोक आपल्यातूनच प्रतिनिधी पाठवीत. त्या पद्धतीचा एक अवशेष त्याच्या वारसासाठी एकविसाव्या शतकातही शिल्लक होता. या जागाही काढून टाकणारे विधेयक मजूर पक्षाच्या सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडले. परंतु सभागृहातली जागा जाणे वेगळे आणि पदवी जाणे वेगळे. पदवीला त्या विधेयकाने हात लावलेला नाही.

समाजवादी कार्यकर्त्याला या इतिहासातले सर्वांत उद्बोधक प्रकरण टोनी बेन यांचे वाटेल. त्यांचे वडील विल्यम वेजवुड बेन हे १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री होते आणि पुढे त्यांना व्हायकाउंटची पदवी मिळाली. नोव्हेंबर १९६० मध्ये ते वारले आणि मजूर पक्षाचे निर्वाचित खासदार असलेले टोनी बेन, इच्छा नसताना, उमराव झाले. उमरावाला त्या काळी लोकसभेत बसता येत नसे, म्हणून त्यांची जागा गेली. १९६१ मध्ये त्यांनी त्याच मतदारसंघातून पुन्हा निवडणूक लढवली आणि जिंकली. तरीही न्यायालयाने जागा पराभूत उमेदवाराला दिली. लोकांनी दिलेल्या मतापेक्षा बापाकडून आलेली पदवी श्रेष्ठ ठरली. बेन यांनी हार मानली नाही. अखेर पदवी नाकारण्याची मुभा देणारा कायदा १९६३ मध्ये झाला आणि ३१ जुलै रोजी पदवी सोडणारे ते पहिले उमराव ठरले.

पण कथा येथे संपत नाही. तो कायदा नाकारणाऱ्या व्यक्तीच्या हयातीपुरताच आहे. पदवी मरत नाही, ती दबा धरून बसते. २०१४ मध्ये बेन यांचे निधन झाले, पदवी थोरल्या मुलाकडे आली, आणि २०२१ मध्ये त्याच वंशपरंपरागत पोटनिवडणुकीच्या वाटेने ते लॉर्ड्सच्या सभागृहात पोचले. यात मुलाला दोष देण्याचे कारण नाही. दोष आहे तो व्यक्तीच्या त्यागाने व्यवस्था बदलेल या समजुतीचा. एक माणूस कितीही निःस्पृह असला तरी रचना तशीच ठेवली, तर ती पुढच्या पिढीत परत उभी राहते.

भारताने याबाबतीत अधिक धीट पाऊल टाकले. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने लष्करी व विद्याविषयक पदव्या वगळता राज्याने कोणताही किताब देऊ नये असे सांगून रावबहादुरांची आणि सरदारांची परंपरा एका वाक्यात संपवली. संस्थानिकांचे तनखे व मान्यता यांना वेळ लागला. १९७० चा राष्ट्रपतींचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते काम पुरे करावे लागले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला आणि २००५ मध्ये तो हक्क देशभर झाला. नगर जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलीला आज जो हक्क कायद्याने आहे, तो वेलिंग्टनच्या घरातल्या मुलीला पदवीच्या बाबतीत नाही.

कायद्याच्या कागदावर आपण पुढे आहोत. मग व्यवहारात? तलाठ्याच्या दप्तरात आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन पाहावे. बापाच्या निधनानंतर बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याचा रिवाज पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतही सर्रास आहे. साडीचोळी आणि माहेरचे दार उघडे राहण्याचे आश्वासन या मोबदल्यात एकरांचा हक्क सोडला जातो. १८८६ ची दुरुस्ती कायद्यातून गेली, पण ती भावाच्या मनात अजून लागू आहे.

जमिनीच्या वारशाचे दुसरे प्रकरण याच जिल्ह्यातले आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात कालव्यांच्या पट्ट्यातल्या, श्रीरामपूर-कोपरगाव भागातल्या शेतकऱ्यांनी खासगी साखर कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या खंडाने जमिनी दिल्या. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर त्या जमिनी सरकारकडे आल्या आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाच्या ताब्यात गेल्या. मूळ मालक असलेले खंडकरी शेतकरी मोर्चे, निवेदने आणि न्यायालये यांत पिढ्या घालवत राहिले. २०१२ च्या सुमारास जमिनी परत मिळू लागल्या तेव्हा अनेक ठिकाणी सही करायला नातू आले. महामंडळाच्या मळ्यांवर राबलेल्या कामगारांच्या घराचा व जमिनीचा प्रश्न तर त्याहूनही मागे रेंगाळला. ड्यूकचा वारसा एका श्वासाच्या अंतराने पोचतो, आणि खंडकऱ्याच्या वारसाला अर्धे शतक थांबावे लागते. वारसाहक्काच्या पावित्र्याविषयी बोलणाऱ्यांनी कोणाचा वारसा पवित्र आणि कोणाचा प्रलंबित, एवढे सांगावे.

राहता राहिला सत्तेचा वारसा. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. सभासद हा मालक, एका सभासदाला एक मत, आणि अध्यक्ष हा विश्वस्त, ही त्यामागची धारणा होती. त्या धारणेतून या जिल्ह्यात रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण आज जिल्ह्यात आणि एकूण महाराष्ट्रात कारखाना, बँक, शिक्षणसंस्था, बाजार समिती आणि विधानसभेची उमेदवारी या साऱ्या गोष्टी किती घरांत एकवटल्या आहेत आणि किती घरांत त्या बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे गेल्या आहेत, हे कोणताही मतदार बोटांवर मोजून सांगेल. येथे एखाद्या घराण्याचे वा पक्षाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कारण या बाबतीत पक्षापक्षांत फरक उरलेला नाही. लोकांनीच या मंडळींना 'साखरसम्राट' ही पदवी बहाल केली. अनुच्छेद १८ राज्याला किताब देण्यापासून रोखतो, जनतेच्या उपरोधाला नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. आमच्याकडे सक्ती नाही, लोकच मते देतात, तेव्हा ही घराणेशाही नव्हे, लोकशाहीच आहे, असे ते उत्तर. त्यात तथ्याचा अंश आहे. निवडून आलेल्या मुलाला केवळ तो कोणाचा तरी मुलगा आहे म्हणून अपात्र ठरवणे हाही जन्मावरूनच केलेला न्याय होईल. पण ज्याच्या हाती उसाची तोड, कर्जाची मंजुरी, मुलाची नोकरी आणि नातवाचा शाळाप्रवेश आहे, त्याच्या वारसाला दिलेले मत कितपत मोकळे असते? १८३२ पूर्वीच्या इंग्लंडमध्येही निवडणुका होत होत्या. कूळ मालकाच्या मनासारखे मत देत होते आणि मालक त्याला निष्ठा म्हणत होता. उमेदवार किती आहेत यावर लोकशाही मोजायची नसते. नाही म्हणणाऱ्या मतदाराच्या उसाला वेळेवर तोड मिळते की नाही, यावर ती मोजायची असते.

म्हणून पहिली जबाबदारी परिवर्तनाची भाषा बोलणाऱ्यांवर येते. त्यांच्या संघटनांतही कार्यकर्त्यांच्या आयुष्यभराच्या कामापेक्षा नेत्याच्या घरातले नाव जड ठरल्याची उदाहरणे आहेत. तालुका समिती कोणाकडे जाणार, उमेदवारी कोणाला मिळणार, सहकारी संस्थेचे अध्यक्षपद किती मुदती एका माणसाकडे राहणार, हे निर्णय सभासदांच्या बैठकीत आणि लेखी नियमांनी झाले पाहिजेत. बेन यांच्या अनुभवाचा अर्थ हाच की नेत्याच्या निःस्पृहतेवर विसंबू नये, नियम करावा. त्याचबरोबर प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या घरच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे की हक्कसोडपत्राचा फेरफार आहे, हेही पाहावे. जो आपल्या बांधावर उमराव आहे, त्याने ड्यूकवर टीका करण्यात अर्थ नाही.

१८०३ नंतर नगरचा किल्ला पेशव्याकडे गेला, १८१७ मध्ये पुणे कराराने इंग्रजांकडे आला आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच तटाच्या आत त्यांनी काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना डांबले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांच्याबरोबर तेथे समाजवादी चळवळीचे आचार्य नरेंद्र देव होते आणि महाराष्ट्राचे शंकरराव देवही होते. नेहरूंनी 'भारताचा शोध' हा ग्रंथ तेथेच लिहिला. पुढे त्यांच्याच घरात पक्षाचे नेतृत्व पिढ्यान् पिढ्या राहिले, ही गोष्ट जन्माधारित सत्ता किती चिवट असते याची खूण आहे. नरेंद्र देवांनी मात्र १९४८ मध्ये काँग्रेस सोडताना त्या पक्षाच्या तिकिटावर मिळालेली विधानसभेची जागाही सोडली आणि पोटनिवडणुकीत पराभव पत्करला. जी जागा लोकांनी एका विचारासाठी दिली, ती विचार बदलल्यावर आपली उरत नाही, ही त्यामागची भूमिका होती. मुंबईत वेलिंग्टनच्या नावाचे १८६५ चे कारंजे आजही उभे आहे आणि त्याचा नववा वारसही आहे. नरेंद्र देवांच्या त्या राजीनाम्याला कायद्याने कोणी वारस मिळत नाही. तो वारसा ज्याला हवा, त्याला तो स्वतः उचलावा लागतो.